दिवेलागणीचं पान

"दिवा लागला की पानावर बसायचं. एकदाच वाढून घ्यायचं, आणि उठलं की त्या दिवसापुरतं तोंड बंद. देवाला एकदा वेळ सांगितली की त्याला ताटकळत ठेवू नये." सासूबाईंचा हा आवाज मला आधी ऐकू येतो आणि मग सकाळ होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. यमुताई म्हणायचे त्यांना सगळे, मीसुद्धा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात त्यांनी मला स्वतःशेजारी पाटावर बसवून हातावर पाणी दिलं आणि चातुर्मासाचं नक्त दिलं. नक्त म्हणजे दिवसभर उपास आणि सांज झाल्यावर एकच जेवण. पाणी ताम्हनात सोडण्याआधी मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, भिऊ नकोस, सोपं आहे, पोट आपणहून शिकतं. पोट शिकलं की नाही कोण जाणे. मी मात्र ते एक वर्षही चुकवलं नाही. ऋषीच्या वेळी दिवस राहिले होते तेवढं सोडून, आणि तेव्हाही त्यांनीच सोडवलं होतं.

भाद्रपदातली एक साधी सकाळ होती. देवघरासमोर बसून रोजचं स्तोत्र म्हणत होते. एका ओळीच्या मधोमध, अगदी अक्षर ओठांवर असताना, आवाज गेला. म्हणजे मी म्हणतच होते, जीभ हलत होती, पण बाहेर यायचं ते येईना. घशाशी आंबट पाणी आलं होतं, कोमट आणि थोडं कडसर, जसं कुणी आतल्या बाजूनं आमसुलाचं बोट फिरवावं. गिळलं. पुन्हा म्हणायला गेले तर कोरड्या पानांवरून झाडू फिरावा तसा काही आवाज आला. तो माझा नव्हता. मला देवाची लाज वाटली. समोर कुणी पाहुणा बसलेला असावा आणि आपल्या तोंडून भलतंच काही निघावं, तशी. बाल्कनीत यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि पुन्हा वर गेलं. यांचं नाव गिरिधर. नोकरी सगळी फायलींमध्ये गेली, त्यामुळे न बोलता नोंद घ्यायची सवय अजून आहे. उरलेलं स्तोत्र मी मनात म्हटलं. मनातल्या मनात आवाज अगदी स्वच्छ होता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग हात लांब केला आणि देवघराच्या खालच्या फळीवरून गुलाबी बाटली घेतली. कापूर आणि वातींचा डबा यांच्यामध्ये तिची जागा. आम्लपित्तावरचं ते पातळ औषध, पेपरमिंटच्या वासाचं, मी किती वर्षं घेत होते मला नीट आठवत नाही. सुरुवातीला प्रश्न पडला होता की उपासाला हे चालतं का. बाटलीमागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, त्यात धान्य कुठलंच दिसलं नाही, तेव्हा चालतं असं मीच ठरवलं. आणि चालतं म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हळूहळू देवघराकडे सरकत गेली. शेजारच्या रुखमाबाई एकदा हळदीकुंकवाला आल्या तेव्हा बघतच राहिल्या. कळमेश्वराकडच्या शेतकरी घरातल्या त्या, मनात येईल ते तोंडावर. "हे कोनती देवी वं वैनी? हिले बी फूल वाह्यता का?" मी हसले, त्याही हसल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून बाटली उचलताना मला नेहमी वाटायचं की हिलाही एक फूल वाहायला हवं. चमचाभर घेतलं की घशात गार व्हायचं, गार म्हणजे विसरायला व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरात या सगळ्याचं खापर तिखटावर फुटलं होतं. कुणी असं ठरवलं नाही, पण नागपूरच्या घरात पोटाचं काही झालं की आरोपी एकच असतो. मी भाजीतलं तिखट कमी केलं, मग आणखी कमी केलं. पोह्यांवरची तर्री, तो लाल झणझणीत रस्सा, बंद झाली. पुडाच्या वड्या केल्या तर त्यात मिरचीचं नुसतं नाव असायचं. हे पान पुढे ओढून घ्यायचे, एक घास खायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे. "दवाखान्यात आहो असं वाटून राहिलं," असं एकदा हळूच म्हणाले, मग लगेच, "पण चांगलं झालं आहे, बरं का." ऋषी तर रात्री उशिरा मिहानहून यायचा. विमानांच्या दुरुस्तीची मोठी शेड आहे तिथे, त्यात तो इंजिनियर. तो काही न बोलता जेवायचा. या दोघांनी माझ्या घशासाठी आपली जीभ बांधून ठेवली होती. आणि माझा घसा मात्र तसाच होता.

माझा आवाज मुळातच लहान. शाळेत बाई म्हणायच्या, वैदेही, तू उत्तर देते आहेस की पुटपुटते आहेस? लग्नानंतर हे म्हणायचे, मोठ्यानं हाक मार न, मला ऐकू येत नाही. चार माणसांत मी बोलले तर पाचवा मधेच बोलायला लागतो, त्याला कळतही नाही की कुणी बोलत होतं. फक्त देवासमोर म्हणताना तो आवाज उघडतो. का ते मला माहीत नाही. पहाटेच्या वेळी, आजूबाजूला कुणी नसताना, किंवा सगळेच असताना पण सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, तो असा उघडतो की मलाच वाटतं ही कोण. आमच्या कॉलनीच्या लहानशा विठ्ठलमंदिरात कार्तिकस्नानाचा काकडा होतो, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे. तो पूर्वी मी सुरू करायची. गेल्या वर्षी मला जमलं नाही, रोज सकाळी घसा बसलेला. मग मंदिराच्या मंडळींनी स्पीकर आणला आणि त्यावर कुणाकुणाच्या आवाजातला काकडा लावला. छान होता तो, सुरात होता. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. रुखमाबाई मात्र महिनाभर धुसफुसत होत्या. यंदा श्रावणातच त्यांनी मला फाटकाशी गाठलं.

"वैनी, मले चाल येते, शब्द येत नाई. तुमाले शब्द येते. औंदा मशीन नाई लागली पायजे. देवाले काय मशीन उठवते का?"

"माझा घसा..."

"घसा गिसा काई नाई. तुमी पयली ओळ म्हना, मांगून मी हावोच. हो म्हना."

मी हो म्हटलं. इतक्या हळू म्हटलं की त्यांनी पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा हो म्हणावं लागलं. म्हणजे ते दोनदा दिलेलं वचन होतं. त्या भाद्रपदातल्या सकाळी, बाटलीचं झाकण लावताना, मला तेच आठवलं. कोजागिरीपर्यंत हा आवाज परत आला नाही तर स्पीकर लागेल. आणि एकदा लागला की मग तो कायमचाच लागतो, त्याला घसा नसतो.

शंकरनगरच्या दवाखान्यात डॉक्टर दीप्ती नावाची एक तरुण मुलगी होती, नाककानघशाची. तिनं बारीक नळी घालून माझ्या घशात पाहिलं आणि पडद्यावर मलाही दाखवलं. स्वतःचा आवाज जिथून येतो ती जागा मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन फिकट पट्ट्या, उघडतात, मिटतात, आणि त्यांच्या मागची कड लाल झालेली, सुजलेली. मला वाटलं आपण देवघराचा पडदा सारून नको तेव्हा आत पाहिलं. "गाठबीठ काही नाही, काकू," ती म्हणाली. माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. इतके दिवस ते तिथे होतं हेही मला माहीत नव्हतं. "पोटातलं आम्ल वर येतंय, घशापर्यंत. छातीत जळजळतं का?"

"नाही हो. छातीत कधीच नाही."

"पुष्कळ जणांना नुसतं घशातच कळतं." मग तिनं कागदावर एक पिशवी काढली, वर नळी काढली, आणि दोन्ही मिळतात तिथे एक कडं. म्हणाली, आम्ल पोटात असायलाच हवं, ते काही वैरी नाही, अन्न त्यानंच पचतं. हे कडं अन्नाला खाली जाऊ देतं आणि मिटतं. पण पोट तुडुंब भरलं, वरून कंबर आवळली, आणि माणूस तसाच आडवा झाला, की ते सैल पडतं. मग खालचं वर येतं. काहींचं कडं मुळातच ढिलं असतं, काहींचं वजनानं, काहींचं वयानं. "तुमच्या बाटलीनं वर आलेल्याचा आंबटपणा कमी होतो. दार काही ती लावत नाही. मधूनमधून घेतली तर ठीक, पण वर्षानुवर्षं रोज, कुणाला न विचारता, असं नको."

"आणि तिखट?" हे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले. त्यांच्या स्वरात एवढी आशा होती की मला त्यांच्याकडे पाहवेना.

"प्रत्येकाचं वेगळं असतं. काकूंना तिखट खाल्ल्यावर जास्त होतं का?"

मी आठवून पाहिलं. महिनोन्महिने तिखट नव्हतंच, आणि घसा तर तेव्हाच जास्त बिघडला होता. मी नाही म्हणून मान हलवली. यांनी एक मोठा श्वास सोडला.

मग ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेले. दिवसभर काय पोटात जातं? पाणी आणि चहा. चहा मी पाण्यातच धरत होते, किती कप ते मोजत नव्हते. आणि फळं. फळं म्हणजे नागपुरात काय, ऋतूत संत्री. रुखमाबाईंच्या भावाच्या बागेतून पेटी आली की रिकाम्या पोटी सोलत बसायचं आणि खात राहायचं, उपासाला त्यासारखं सात्त्विक दुसरं काय. तिनं लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, पण रागावून नाही. साडी किती घट्ट नेसता? मी नाड्याला हात लावला. परकराचा नाडा मी पहाटे पूजेआधी एक ओढ जास्त देऊन बांधते, आईनं शिकवलं होतं, कंबर बांधली की मन इकडेतिकडे जात नाही. जेवल्यावर काय करता? जेवल्याबरोबर ओणवं होऊन जेवणाची जागा पुसून घेते, ओट्याखालचंही पुसते, आणि मग पाठ टेकते, दमलेली असते. मला एकीकडे वाटत होतं, आता ही म्हणणार की व्रत सोडा. हात मांडीखाली घट्ट धरून मी तयारी करत होते. काय सोडायचं आणि काय धरायचं, वचन कुणाला पहिलं दिलेलं, देवाला की रुखमाबाईंना. शेवटी मीच विचारलं, अगदी हळू, "नक्त सोडावं लागेल का?"

"ते मी कसं सांगू, काकू? मला फक्त सांगा, जेवता कधी आणि झोपता कधी."

"दिवेलागणीला जेवते," मी म्हणाले. तोंडून आपसूक निघालं, इतकी वर्षं तेच सांगत आले होते.

कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. "आमच्याकडे दिवेलागण रात्री दहाला होते," हे म्हणाले. "ऋषीची गाडी फाटकात लागली की."

डॉक्टर हसली. मलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण ते खरं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. दिवा मी वेळेवरच लावत होते. पण मुलगा यायचा आहे, हे थांबलेत, घरच्या माणसांआधी बाईनं कसं बसायचं, म्हणून पान थोडं पुढे ढकललं, पुढच्या वर्षी आणखी थोडं. असं करत ते झोपेला येऊन चिकटलं होतं. दिवसभराची सगळी भूक त्या एका पानात, आणि त्यानंतर लगेच उशी. तिनं थोड्या दिवसांची गोळी लिहून दिली, म्हणाली, ही मी सांगेन तेव्हा कमी करत बंद करू, पण सवयी बदलल्या नाहीत तर गोळी थांबली की पाणी पुन्हा वर येईल. जेवण आणि झोप यांत तीन तास तरी ठेवा. भरपेट नको. पलंगाची उशाकडची बाजू उंच करा, नुसत्या उशा रचून नाही. डाव्या कुशीवर झोपा. मला यमुताईंची वामकुक्षी आठवली आणि वाटलं, या मुलीला त्या आवडल्या असत्या.

परतताना मेट्रोत खिडकीशी जागा मिळाली. संध्याकाळ उतरत होती, अंबाझरीच्या पाण्यावर शेवटचा उजेड पसरला होता आणि डब्यातले सगळे आपापल्या फोनमध्ये होते. मी त्या पाण्याकडे पाहत होते आणि डोळ्यांसमोर महाल भागातल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही आधी राहायचो. चातुर्मासातली अशीच सांज. यमुताई दिवा लावतात, पदरानं हात पुसतात, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसतात. पान मांडलेलं असतं. आणि वाढतं कोण, तर सासरे. कचेरीतून आलेले, अंगात अजून शर्ट, हातात भाताचं भांडं. सासूबाई शांतपणे जेवतात. गरम भात, गरम वरण, वर तूप, घाई नाही. घरातले पुरुष अजून जेवायचे असतात, मुलं जेवायची असतात, आणि त्या जेवत असतात, सगळ्यांच्या आधी. मी नवी नवरी, दाराशी उभी राहून ते पाहायची आणि मला ते बरोबर वाटायचं नाही. माझ्या माहेरी आई सगळ्यांचं झाल्यावर भांड्यातलं खरवडून खायची. मला वाटायचं, व्रत आहे म्हणून ठीक, नाहीतर हे कसं दिसलं असतं. आणि तिथे मेट्रोत, सुभाषनगर यायच्या थोडं आधी, मला कळलं की व्रत होतं म्हणूनच तर. वर्षाचे आठ महिने त्यासुद्धा शेवटीच जेवायच्या. हे चार महिने त्यांनी देवाच्या नावानं स्वतःसाठी मागून घेतले होते, आणि देवाच्या नावानं मागितलेलं कुणाला नाकारता येत नाही. जेवून झालं की त्या ओटीवर पाठ ताठ ठेवून कापसाच्या वाती वळत बसायच्या, शेजारणींशी बोलत, बराच वेळ. चहाला तर शिवायच्या नाहीत. आणि त्यांनी ते सगळं माझ्या ओंजळीत घातलं होतं. मी पाणी तेवढं सोडलं आणि त्यातलं गोड ते बाजूला ठेवून दिलं. मला रडू आलं का? नाही. खरं तर हसू येत होतं, असं पोटातून वर येणारं, थांबवता न येणारं. यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं?" मी म्हणाले, "यमुताई फार हुशार होत्या." ते म्हणाले, "हे तुला आज कळून राहिलं?"

घरी आल्यावर दिवा लावला आणि तिथेच उभी राहिले. समजणं वेगळं, पानावर बसणं वेगळं. यांनी पाट मांडला. म्हणाले, "बस, मी वाढतो." मी म्हणाले, "तुम्ही?" "का, भात वाढायला काय पदवी लागते?" मी बसले. समोर गरम भात, वर वरण. हात पुढे जाईना. एका बाजूला हे उपाशी उभे, दुसऱ्या बाजूला ऋषी अजून कुठे रस्त्यावर, आणि मी घास उचलणार. इतक्या वर्षांत माझ्या हाताला ती सवयच नव्हती. तेवढ्यात यांचा फोन वाजला, ऋषीच होता, दवाखान्यात काय झालं विचारायला. यांनी फोन माझ्यासमोर पाटाच्या बाजूला ठेवला, आवाज मोठा करून.

"आई, तू जेवली का?"

"बसलेय. पण तू यायचा आहेस, म्हणून..."

"अगं मी खाऊन घेतलं न." मग तो थांबला. फोनवरही कळलं की तो चुकून बोलून गेला होता.

"कुठे खाल्लंस?"

"कँटीनमध्ये. इथे सातला ताट मिळतं. रोजच मिळतं."

"रोज जेवतोस तिथे?"

"हो न. सात वाजले की भूक लागते."

"मग घरी येऊन?"

तो हळूच म्हणाला, "तू थांबलेली असतेस न. दिवसभराची उपाशी. मी नाही म्हटलं तर तूही उठून जाशील असं वाटायचं. म्हणून पुन्हा खायचो." पुढचं त्यानं इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की माझाच मुलगा शोभला. "आंबट मलाही येतं, आई. माझ्या बॅगेत पण तुझ्यासारखीच बाटली आहे."

यांनी भाताचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि ओट्याला धरून हसायला लागले. शर्टाची बाही डोळ्यांना लावून, आवाज न करता, पूर्ण अंग हलवत. मग म्हणाले, "सांगूनच टाकतो. मी संध्याकाळी देवळात जातो न, तेव्हा चौकातल्या टपरीवर दोन समोसे खातो. तिखट चटणीसंगं." मी त्यांच्याकडे पाहत राहिले. म्हणजे मी या दोघांसाठी थांबत होते, आणि हे दोघं माझ्यासाठी दुसऱ्यांदा जेवत होते, आणि मग तिघंही भरल्या पोटी, एकमेकांच्या प्रेमानं तुडुंब, आडवे होत होतो. फोनमधून ऋषी म्हणत होता, बाबा, तुम्ही पण? मी पहिला घास घेतला. वरण कोमट झालं होतं, तरीही त्या घासाची चव मला अजून सांगता यायची नाही. हसता हसता खाल्लेला घास. नक्तात हसावं की नाही हे यमुताईंनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढचे दिवस बारीक बारीक बदलांचे गेले आणि त्यांत फार गंमत होती. पाण्यावरचा माझा दिवस चहाशिवाय सुरू झाला तेव्हा पहिले काही दिवस डोकं दुखलं, मग सकाळच्या वाटीभर दुधाला ते सरावलं. दूध यमुताईही घ्यायच्या, त्यामुळे देवाला वेगळं विचारावं लागलं नाही. परकराचा नाडा एक ओढ कमी दिला. मन कुठे पळतं का ते पाहिलं, ते आपल्या जागीच होतं. उलट श्वास पोटाच्या तळापर्यंत जाऊन यायला लागला आणि मला आठवलंच नाही की असा श्वास मी शेवटचा कधी घेतला होता. यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. विटा देताना शेजाऱ्यांनी विचारलं, बांधकाम काढलं का, तर म्हणाले, हो, बायकोला उंचावतो आहे. पहिल्या रात्री हे घसरत घसरत सकाळी पायथ्याशी सापडले, पांघरुणासकट. मला डाव्या कुशीची सवय व्हायला वेळ लागला, पण त्या कुशीवर खिडकीतला कडुनिंब दिसतो हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं. जेवणाची जागा आता हे पुसतात, वाईट पुसतात, आणि मी तोवर बाहेर पडते. जेवल्यावर आम्ही कॉलनीत एक फेरी मारतो, भरभर नाही, गप्पांच्या चालीनं. घरात मिरची परत आली. पहिल्यांदा तर्री केली त्या दिवशी यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. मला त्या तर्रीनं काही झालं नाही, माझ्या वाट्याला अर्धी पळी घेतली होती. समोश्यांचं विचारलं नाही, काही गोष्टी देवळाच्या वाटेवरच राहाव्यात.

रुखमाबाईंना मात्र संत्र्याचं पटेना. पहिली हिरवट संत्री आली तेव्हा पेटीभर घेऊन त्या दारात उभ्या. मी म्हणाले, रिकाम्या पोटी नको म्हणाली डॉक्टर, निदान घसा बरा होईपर्यंत.

"नागपुरात राहून संत्र्याले नाव ठेवता? भावाले सांगू का माह्या?"

"नाव नाही ठेवत हो. वेळ बदलते आहे."

"मंग घसा कसा हाय?" त्यांनी पेटी टेकवली आणि एकदम जवळ येऊन विचारलं. त्यांच्या डोळ्यांत संत्र्याचं काहीच नव्हतं. "खरं सांगजा. मंडळीनं इचारलं मले, स्पीकर काढाचा का म्हनून. मी म्हनलं, थांबा."

काय सांगणार? गोळी आता एका दिवसाआड आली होती. आंबट पाणी कमी झालं होतं, मग कधीतरीच, मग एक पूर्ण आठवडा नाही. देवासमोर मी रोज म्हणत होते, पण अर्ध्या आवाजात, नुकतीच खपली धरलेल्या जखमेवर फुंकर घालावी तशी. डॉक्टर म्हणाली होती, सूज उतरायला वेळ लागतो, कुणाला आठवडे, कुणाला महिने, घाई करू नका. पण कोजागिरीला कुठे थांबता येतं. आवाज येत होता. तो पूर्वीचा नव्हता, वर गेला की कडेला थोडा फाटायचा. पण माझा होता. मी रुखमाबाईंना म्हणाले, "थोडा खरखरीत आहे."

"माह्या तर जन्माचा खरखरीत हाय," त्या म्हणाल्या. "देवानं कधी तक्रार नाई केली." आणि पेटी परत न नेता गेल्या. सांजेच्या पानावरून उठण्याआधी आम्ही दोघं एक संत्रं वाटून खाऊन पाहायचो, सावधपणे, परीक्षा दिल्यासारखे.

कोजागिरीला मी दूधसुद्धा सांजेलाच, पानाबरोबर घेतलं. गच्चीवर कॉलनी जमली होती, हाका आल्या, पण आम्ही वेळेत डाव्या कुशीवर होतो. ऋषी त्या दिवशी लवकर घरी आला होता आणि माझ्याआधी की माझ्यानंतर असा प्रश्न न राहता तिघंही दिव्याच्या वेळी एकत्र बसलो. कँटीनमध्ये खाऊन आलास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, देवाशपथ नाही. भात त्यानं वाढला.

पहाटे जाग आली तेव्हा घशाशी काही नव्हतं. थोडी वाट पाहिली, तरी काही नव्हतं. अंघोळ केली, नाडा सैलसर बांधला, देवघरात दिवा लावला. रोज याच क्षणी मी आवाज चाचपून पाहत असे, एक सूर, गळ्यातल्या गळ्यात, आज आहे की नाही म्हणून. आज तोंड उघडलं आणि मिटलं. चाचपून पाहिलेला आवाज मला तिथे न्यायचा नव्हता. फाटला तर तिथेच फाटू दे, सगळ्यांसमोर, मागून रुखमाबाई आहेतच. हे झोपले होते, उंच उशाकडे डोकं, पायथ्याकडे थोडे घसरलेले. ऋषीच्या खोलीत पंखा चालू होता. बाहेर वर्षातली पहिली थंडी होती, नागपुरात ती अशीच येते, एका पहाटे, न सांगता. रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते. मंदिराच्या बाजूनं स्पीकरचा काही आवाज येत नव्हता. मंडळी तिथे माझी वाट पाहत थांबली होती.

मी शाल कानांवरून घेतली, दार हलकेच ओढलं आणि चालू लागले.